शेवटचं वाक्य

दांडिया बाजारात, सेवउसळीच्या दुकानावर
आमची सरावाची खोली.
गोष्ट मुजुमदारबाईंची, पिवळ्या पडलेल्या दिवाळी अंकातली:
रात्रपाळीची टेलिफोन ऑपरेटर
चुकून जोडला गेलेला कॉल
तोडत नाही.

अकरा पानं.
मी उचललं फक्त "हॅलो, कोण?"
तेच चार वेळा,
आणि तिचं दोन पानी गप्प राहणं
केयूरच्या गिटारला देऊन टाकलं.
बाकीच्या पानांचं काय केलं, आठवत नाही.

बाई आल्या, ब्याऐंशीच्या,
जिन्यात तीनदा थांबत.
ड्रम सुरू होताच कानातलं यंत्र काढून
पर्समध्ये ठेवलं,
तळहात अ‍ॅम्पवर.

"शेवट गाळलात."
मी माफी मागू लागलो.

"तो संपादकांना हवा होता.
तिनं फोन ठेवलाच नव्हता.
वाजवा पुन्हा."