पत

आमच्या जाळ्याला मालक नाही.
दत्तवाडीत कुदळेंच्या पिठाच्या गिरणीवर एक डबी,
पर्वतीच्या उताराला, तांबोळींच्या टाकीला बांधलेली दुसरी,
तिसरी माझ्या झेरॉक्सच्या दुकानावर,
पत्र्याला तारेने आवळलेली.
एक दुसरीला हाक घालते, दुसरी तिसरीला,
आणि दांडेकर पुलापाशी कुणाच्या तरी फोनवर उमटतं:
इन्सुलिन मिळालं, निघालोय.

मधल्याने ते वाचायचं नसतं.
वाचता येतही नाही, कुलूप असतं.
गिळता मात्र येतं.

म्हणून प्रत्येक डबीपाशी एक वही.
शेजारणीकडे दहा निरोप दिले, पुढे किती गेले?
नऊ. बरं.
नवी आली तर आधी किरकोळच सोपवायचं,
वाणी नव्या बिऱ्हाडाला पावशेर साखरेपुरतं उधार देतो तसं.
एकीने दुसरीबद्दल काही सांगितलं तर निम्मंच धरायचं,
तेही सांगणारीची पत बघून.
आणि जुना चांगुलपणा रोज थोडा पुसत जायचा.
हे कलम लिहिताना माझा हात अडखळला होता.

मार्चमध्ये शेलारांची डबी
सगळ्यांना सांगत सुटली: माझ्याकडून या, मीच जवळची.
आम्ही गेलो.
निरोप गेले. पोचले नाहीत.
तीन दिवसांत तिची पत एकाहत्तरवरून नऊवर.
बैठक नाही, ठराव नाही, कुणी कुणाला फोन केला नाही.
अकरा डब्यांनी आपापली वही पाहिली
आणि वाट वळवली
आंबील ओढ्याच्या पलीकडून, लांबच्या लांब.

मी जिना चढून गेले, भांडायच्या तयारीने.
हेमराज शेलार दारातच म्हणाला,
घर बंद होतं ताई, आई ससूनला होती.
गच्चीवर बॅटरी फुगलेली, भिजवलेल्या वालासारखी.
डबी ऐकत होती. बोलतही होती,
जुनाच नकाशा घोकत.
पुढे देण्याइतकं बळ तेवढं नव्हतं.

वहीत लबाड आणि थकलेली
एकाच रकान्यात पडतात.

बॅटरी बदलली. वाटलं, आकडाही हातानेच वाढवून टाकावा.
पण माझा हात माझ्याच वहीपुरता.
उरलेल्या दहा जणींना सांगितलं असतं
तर त्यांनी निम्मंच धरलं असतं.
नियम माझाच.

तेव्हापासून रोज दुकान बंद करताना
शेलारांच्या वाटेने काहीतरी फुटकळ पाठवते.
भेंडी साठ रुपये. गिरणी उद्या बंद.
कुदळेंच्या मांजरीला चार पिल्लं.
तिकडून पोच येते.
अकरा. चौदा. एक दिवस परत तेरा.
आज सतरा.

तांबोळींच्या वहीत माझ्यापुढे काय लिहिलंय
ते मी अजून विचारलेलं नाही.
जानेवारीत माझंही दुकान
आठ दिवस बंद होतं.