दोनदा

"पेडल ठणठणीत आहे," एर्गेश म्हणाला,
आणि दाबून दाखवलं: फट् फट्. घट्ट.
बुरुल गाडीखालून काही बोलली नाही.
मुरगाबच्या वाऱ्यात तिचे बूट तेवढे बाहेर,
एकाला नाडीऐवजी तार.

नळ्या कोरड्या. चाकंही आतून कोरडी.
डबीतलं ऑइल काळं, पण काठोकाठ.
मग ती सरपटत बाहेर आली, हात पुसले.
"तू उतर," त्याला म्हणाली.
"तू बस," मला.

मी?
एकोणीस वर्षं मी शेजारच्या सीटवर.
अक-बैतालच्या उतारावर दर वळणाला
माझाही पाय दाबतो,
जिथे काहीच नाही, नुसता पत्रा.
तो हसतो.

"एकदाच दाब. आणि धरून ठेव."
दाबलं.
आधी काहीतरी लागलं पायाला, बरं वाटलं,
मग कुणी हळूच हात सोडवून घ्यावा
तसं ते खाली, खाली,
पार पत्र्याला टेकलं.
"माझ्या बाजूला रोज असंच असतं," मी म्हटलं.

बुरुल तेव्हा पहिल्यांदा हसली.
"मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. कधीचंच.
ह्याचा पाय दोनदा दाबायला शिकला
आणि ह्यालाच सांगितलं नाही."

एर्गेश स्वतःच्या बुटाकडे बघत राहिला,
पाहुण्यांदेखत खोड उघडी पडलेल्या
पोराकडे बघावं तसा.

रबर ओशहून गुरुवारी येईल. आलं तर.
तोवर चाकांना दगड.

रात्री पांघरुणात त्याचा पाय हलला.
एकदा.
मी जागीच होते.
मग पुन्हा.