ओट्यामागची भिंत

अक्कलकोट रोडच्या दुकानात
इरण्णा एकेक टाइल उचलून दाखवतो,
पत्ते पिसणाऱ्याच्या हातानं.
ही स्ट्रॉबेरीची. ही द्राक्षांची.
ही कॉफीच्या कपांची, कपातून वाफ,
वाफेत बदाम.
"सध्या हीच चालते वहिनी,
हायलाइटर म्हणतात हिला."

आमच्या घरात कॉफी
जावई आला तरच होते.
स्ट्रॉबेरी मी एकदा खाल्ली, सहलीत.
आंबट होती.

नवरा म्हणतो, पांढरी घे.
दीर पुण्याहून फोनवर ओरडतो, पांढरी अजिबात नको,
सोलापूरचं पाणी आहे ते,
महिन्यात क्षार चढेल.
(पांढऱ्यावर पांढरा क्षार दिसेल कसा,
हे मी विचारत नाही, दीर शिकलेला आहे.)
मुलगी फोटो पाठवते, सहाकोनी, मोरपंखी,
खाली लिहिते: आई, प्लीज.

मी टाइलीवरून बोट फिरवते.
"हिला काही धरत नाही," इरण्णा सांगतो,
"तेल नाही, हळद नाही,
फोडणी उडू द्या, फडकं मारा, गेलं."
स्थळ सांगणारे सांगतात ना,
मुलगा निर्व्यसनी आहे,
तसं.

जुन्या भिंतीनं सगळं धरलं होतं.
काल मौलालीनं छिन्नी लावायच्या आधी
मी मांडणी हलवली,
तर मागे हातभर जागा निघाली,
तिथवर ब्रश कधी पोचलाच नव्हता.
तिच्यावर पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
अत्तम्मांच्या.
कारखान्यात विड्यांच्या जुड्या मोजायच्या
तशा त्या घरी नळाचे दिवस मोजायच्या.
पाणी गेलं की पहिली रेघ.
चौथ्या रेघेला हंडे घासून पालथे,
पाचवीला पहाटे तीनला उठून
नळाला कान.
कुठे सहा रेघा, कुठे सात,
आडवी मारायची राहूनच गेलेली.
आणि एका जागी नुसता गोल.
हे काय हो, मी त्यांना विचारलं.
"रुपया," म्हणाल्या.
"द्यायचा होता का घ्यायचा, ते विसरले."

मौलाली छिन्नी धरून उभा.
"फोटो तरी काढा ताई."
काढला. भिंत आली,
रेघा आल्या नाहीत.
मग म्हटलं, चालव बाबा.

तर मी पर्समधून पेन्सिल काढते.
इरण्णाचा हात हवेतच राहतो.
चकचकीत टाइलवर ओढते: घसरते.
द्राक्षांवर: उमटत नाही.
कॉफीवर, बदामावर: नाही.
तळाला एक धुळकट खोका,
करडी, शेंगेच्या टरफलासारखी खरबरीत.
"वहिनी, ती बाथरूमच्या जमिनीची."
ओढते.
बसते.
थुंकी लावून पुसते. जाते.
पुन्हा ओढते.

"अठ्ठावीस फूट द्या."
"ओट्याला?"
"ओट्याला."
तो माझ्याकडे बघतो, नवऱ्याकडे बघतो,
आणि बिलावर बाथरूमच लिहितो.

मुलीला फोटो पाठवून आठ दिवस झाले,
दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर नाही.
नवरा म्हणतो, आता मोबाइलवर कळतं सगळं,
वेळेसकट.
कळतं. परवा कळलं, पहाटे साडेतीन.
पाणी आलं सव्वासहाला.

अत्तम्मांनी नव्या भिंतीला तळवा लावून पाहिला,
"गार आहे," म्हणाल्या,
आणि शेंगाचटणीला मीठ कमी आहे म्हणून सांगितलं.

मी अजून एकही रेघ ओढलेली नाही.
कुठून सुरू करायचं तेच कळेना.
आज मीठ घ्यायला बरणी उचलली,
तर मागे एक आहे,
थोडी तिरकी.
पाणी जाऊन खरं तर
दोन दिवस झालेत.