रकाना अकरा

दर मंगळवारी निळा डबा घेऊन
मी एसटीतून फाट्यावर उतरते
आणि पोरं ओरडतात, "कुल्फीवाली आली!"
डब्यात बर्फ असतो, कुल्फी नसते.
काय असतं ते एव्हाना सगळ्या बोरखेडीला ठाऊक आहे,
म्हणून हसू आधी येतं, बाटल्या मागून.

कौसाबाई भोयर, वय बावन्न,
वजन एकाहत्तर पॉइंट चार, सहभागी क्रमांक सतरा.
पहिल्या दिवशी तिला समजावलं:
काळ्या चहातले काही कण इतके मोठे
की रक्तात शिरायला त्यांना दार पुरत नाही.
ते तसेच खाली उतरतात, मोठ्या आतड्यात.
तिथे जिवाणूंची वस्ती आहे, ती त्यांना फोडते, खाते,
आणि त्यात कोण वाढतं, कोण मागे हटतं
त्यावर कदाचित वजनही हलतं.
कदाचित हा शब्द मी दोनदा म्हटला,
सरांनी बजावलं होतं.
उंदरांत दिसलंय. माणसांत बघायचंय.

ती तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली,
"म्हंजे पोटात इरजन हाय म्हन की.
घरोघरचं इरजन येगळं, दही येगळं.
एवढ्यासाठी शिकाले नागपूरले गेल्ती व तू?"

हो म्हणाले. एवढ्यासाठीच.

बारा आठवडे, दिवसाला चार कप.
दूध नाही, साखर नाही, गूळही नाही.
पहिल्या घोटाला तिचं तोंड
बाभळीची साल चावल्यासारखं झालं.
"हे तं डोये धुवाचं पानी हाय, माय."

तिसऱ्या आठवड्यात सातशे ग्रॅम उतरले.
सहाव्यात दीड किलो.
आठव्यात काटा ग्रामपंचायतीत नेला,
सपाट फरशी गावात तेवढीच,
तरी आकडा तोच.
फोनवर सरांचा आवाज चढला,
"सतरा नंबर फारच छान."

दहाव्या आठवड्यात एसटी हुकली.
नदीकडच्या पांदणीनं चालत निघाले
तर समोरून कौसाबाई,
चपला हातात, लुगडं पोटरीपर्यंत ओलं,
वरच्या ओठावर सायीची बारीक रेघ.

पल्याडच्या गावी धाकटी बहीण, वच्छला.
रोज दुपारी नदीतून अडीच किलोमीटर जायचं,
तिच्या चुलीशी बसून
आलं ठेचलेला, दुधाचा, बोटाला चिकटेल असा
एक कप प्यायचा,
आणि अडीच किलोमीटर परत.

"तुया काया चा बी पेतो ना मी, चारही कप, देवाशप्पत.
हा पाचवा हाय.
पाचव्याचं तू इचारलंच नाई."

रकाना अकरा: नियमपालनात त्रुटी, असल्यास.
जागा दीड इंच.
मी पेन उघडून बराच वेळ बसले.
मग लिहिलं, बारीक अक्षरात, समासापर्यंत:
नदी, अंतर, साय, बहीण.
सर रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "वगळा."

शेवटच्या मंगळवारी वच्छलाकडे गेले.
गंमत म्हणून तीही काट्यावर चढली. साडेचाळीस.
दिवाळीच्या आधी दवाखान्यात अडतीस भरली होती.
"एकटीसाठी चूल कोन पेटवते व?
थे येते तं दोन भाकरी टाकतो."
वच्छलाला क्रमांक नाही.

निघताना तिनं वाटीभर विरजण दिलं,
वर केळीचं पान बांधून. "घरी लाव."
डब्यात जागा होती,
पण डब्यात फक्त नमुने ठेवायचे असतात.
म्हणून वाटी मांडीवर धरली,
फाट्यापासून वर्ध्यापर्यंत,
दर खड्ड्याला तिच्यावर हात ठेवत.