पंधरा सेंटिमीटरची पट्टी

गणेश पेठेत, पहाटे पावणेपाचला
बर्फाचं पाणी गटाराकडे वाट शोधत असतं,
तेव्हा मी पाटाखालून काढते
लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी.
शून्याचा कोपरा तिनं चावून ठेवलाय,
म्हणून मी एकापासून मोजते
आणि शेवटी एक वजा करते.

नाथा चोगल्याचा टेंपो हर्णैहून
वरंध चढून येतो. खोकी उतरतात.
वरच्या थराला बशीएवढी पापलेटं,
खाली बर्फात बोटं घातली की लागतात
तळहातात मावणारी,
एकदाही अंडी न घातलेली.

सरकारचा कागद आलाय:
एवढ्याहून लहान धरू नये, धरलं तर विकू नये.
जाळ्याच्या शेपटाची भोकं चौकोनी हवीत.
दिव्याच्या झोतानं मासा भुलवू नये.
जून-जुलै दर्याला हात लावू नये.
मी तीनदा वाचला, चष्मा लावून.
त्यात गणेश पेठ कुठंच नाही.

नाथा फोनवर म्हणतो, मावशी,
आम्ही दोन महिने होडी शाकारून बसतो,
आणि हंगामात वीस वावांच्या पाण्यात
लग्नाचा मांडव पेटावा तसे दिवे दिसतात.
गस्तीची बोट एक. तिला डिझेल मिळालं तर.
पकडले तर दंड भरतात, सुट्टे पैसे दिल्यासारखे.
मग लहान मासा मीच का सोडायचा?

मी म्हणते, बर्फ कमी घातलास रे आज.

माझा आजा भोई. लकडी पुलाखाली, मुठेत
पाग फेकायचा.
आषाढात गाभोळीनं फुगलेली मासळी आली
की परत पाण्यात.
पोरं ओरडायची, आजा, तीन शेर भरली असती!
तो म्हणायचा, बाळंतपणाला माहेरी निघालीय, जाऊ दे.
कागद नव्हता, दंड नव्हता.
नंतर मासळीही नव्हती.
पण ती जाळ्यानं नाही संपली.
जे नळ नदीत सोडले
त्यांच्या भोकांचं माप कुणी ठरवलं नव्हतं.

सातला टिळक रस्त्यावरचे गृहस्थ येतात,
कापडी पिशवीला इस्त्री केलेली.
"ती लहानच द्या हो, काटा मऊ असतो."
मी पट्टी ठेवते. बारावर शेपूट.
"अकरा," म्हणते.
"अकराशे? लूट आहे!"
"दर नाही, लांबी."
ते पाठ फिरवून सुरमईच्या पाटावर जातात.

मेलेला मासा सोडून देता येत नाही,
आणि इथून दर्या लांब.
बाजूला काढलेले एकवीस, नाथाच्या हिशेबातून वजा.
तो चिडला, दोन दिवस बोलला नाही.
शनिवारी खोक्यात लहान कमी होते.
दर्यातच राहिले,
की आधीच कॅम्पात उतरले,
त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

आज लेकीला पट्टी हवी होती, भूमितीचा पेपर.
तिला नवी घेऊन दिली.
ही माझ्याकडेच राहू दे.
हिचं वजा करायचं गणित
आता हाताला बसलंय.