बसकण

मार्च सरताना वारा दोन दिवस दम खातो,
तेवढ्यात मी शेडच्या वाशाला पट्टे बांधले
आणि गाडीचं ढुंगण वर टांगलं.
चाक निघालं, साखळी निघाली,
राहिला खालचा तो बोल्ट.
सहा वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता, मीसुद्धा.
रॉकेल पाजलं, रात्रभर थांबले,
सकाळी पान्याला पाईप जोडून सगळं अंग टाकलं,
तेव्हा कुंई करून हलला,
झोपमोड झाल्यासारखा.

वेस्ट्रे बेटावर सगळंच खारट.
खिडकीच्या काचा, कुत्र्याची पाठ,
दोरीवर वाळलेले मोजे.
लिंकेजच्या पोटातही मीठ माझ्याआधी पोचलेलं.
वंगण होतं तिथे विटकरी चिखल,
आणि चिखलात सुया,
शिवणाच्या सुईहून जाड, नेढं नसलेल्या.

एकेक पुसून बशीत ठेवली.
डाव्या बेअरिंगच्या चोवीस,
उजव्याच्या तेवीस.
गुडघ्यांवर रांगत फरशी चाचपली.
चुंबक फिरवला तर तीन खिळे मिळाले,
गळाचं एक टोक,
गेल्या वर्षी शोधून शोधून सोडून दिलेली कपाटाची किल्ली.
चोविसावी मात्र चिखलातच होती,
मोडून तिचे दोन तुकडे झालेले.

नवी बेअरिंगं चार दिवसांनी
कर्कवॉलच्या बोटीने आली, बटाट्यांच्या पोत्यावर बसून.
रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवली, हॅडक माशांच्या शेजारी.
सकाळी केस वाळवायच्या यंत्राने
त्यांची घरं तापवली.
गुपचूप आत गेली, हातोडी लागलीच नाही.

मग वंगण.
शेवंडांचे पिंजरे ओढते त्या बोटीच्या शाफ्टला लावते तेच,
हिरवं, चिवट, पाण्याला न जुमानणारं.
ते बोटानेच भरायचं. चमच्याने भरलं
तर वरवर दिसतं आणि आत पोकळ.

सगळं चढवलं, आवळलं. उरली बसकण मोजायची:
रिकाम्या, टांगलेल्या गाडीचं मागचं चाक
मी सीटवर बसल्यावर किती वर सरकतं.
हे काम एकटीने होत नाही.
मी बसले तर टेप कोण धरणार?
आरसा टेकवून पाहिला.
टेपला दगड बांधून पाहिला.
बघायला वाकलं की आकडा बदलतो.
कुत्र्याने टेपचं टोक चावलं.

या टोकाला दुसरं माणूस एकच,
एर्लंड ड्रेव्हर, माझ्या भिंतीपलीकडचा.
त्याच भिंतीवरून तीन हिवाळे अबोला.
त्याचा मेंढा, माझे दगड,
मग तो एक बोलला, मी दोन.
इथे रस्त्यात समोरून गाडी आली
की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात,
पाहुण्यालाही, पाद्र्यालाही.
आम्ही मुठी आवळून जायचो.

दारात जाऊन म्हटलं, टेप धरशील का?
तो म्हणाला, हात धुऊ की नको?

शेडच्या उंबऱ्यावर त्याने बूट पुसले, जे इथे कोणी पुसत नाही.
उकिडवा बसला तर गुडघे कडाकडा वाजले.
"यांनाही ते हिरवं लाव," म्हणाला.
मी हसले नाही.
जॅकेट, हेल्मेट, बूट,
पूर्ण वजनाने बसले, पाय वर,
एक हात खांबाला.
"हलू नको."
मग भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीने वजाबाकी:
एकाहत्तर. फारच.
स्प्रिंगची रिंग दोन फेरे आवळली.
चौसष्ट.
आणखी दोन.
"सत्तावन्न. चांगलं की वाईट?"
"माझ्या वजनाला बरोबर."
"मग तुझं वजन—"
"लिहू नकोस ते भिंतीवर."

जाताना त्याने जुन्या सुया मागितल्या.
कशाला, ते मी विचारलं नाही.
बशीतून त्याच्या तळहातावर ओतल्या,
सत्तेचाळीस, आणि ते दोन तुकडे.
मेंढ्याचं त्याने काही काढलं नाही.
भिंत अजून पडलेलीच आहे,
तो तिच्यावरूनच ओलांडून गेला.