वाऱ्याला विचारून

पुंता आरेनासला गाडी घेतली तेव्हा
विकणारा ओस्वाल्दो, लोकरी टोपीतला, दम लागणारा,
ब्रेक-क्लचबद्दल चकार शब्द बोलला नाही.
एवढंच म्हणाला, दार उघडताना आधी वाऱ्याला विचारायचं.
या गावात दारं बिजागरीसकट जातात, बाई.

नोटरीकडे दोन तास गेले.
माझ्याकडे ओळखपत्रं दोन.
एक बापाच्या रक्तावरून, चिलीचं.
दुसरं, ज्या इस्पितळात जन्मले तिथल्या मातीवरून, अर्जेंटिनाचं.
एकावर मी नेलिदा बारीया सोतो,
दुसऱ्यावर नुसती बारीया, आई गळालेली, केस आखूड.
नोटरीनं दोघींना शेजारी शेजारी ठेवून पाहिलं.
म्हणाला, गाडीला मात्र पाटी एकच लागते.
शिक्का मारला.

जुनी सुबारू. मागच्या काचेला तडा, आत कुत्र्याचा वास.
माझी.

सपाट माळ, तारांची कुंपणं, ग्वानाको,
आणि डावीकडून सतत ढकलणारा तो.
दोनशे किलोमीटर मी स्टिअरिंग जरासं वाकडं धरूनच
सरळ आले.

सीमेच्या नाक्यावर एक पोरगा, हातात मातेचा पेला.
गाडी चिलीची?
चिलीची.
आणि तुम्ही?
इथे चुकले. खरं सांगितलं.

सहा महिने तिकडे, खेकड्यांच्या कारखान्यात,
सहा महिने इकडे, बाबांजवळ.
म्हणजे घर इकडे, तो म्हणाला.
इथल्या माणसाला तिथली गाडी आत आणता येत नाही.
परक्या असतात तर सोडली असती, सेन्योरा,
हसत सोडली असती.
तुम्ही या. गाडी नको.

लोक म्हणतात, तुझं बरंय, दोन्ही डगरींवर हात.
हात पोचतात, खोटं कशाला बोलू.
पण तसं ताणून उभं राहिलं की
स्वेटर वर सरकतो
आणि वारा नेमका पोटाला लागतो.

गाडी मागे वळवली. चिलीच्या बाजूला, खडीवर लावली,
तोंड वाऱ्याकडे करून.
बाबांना फोन केला.

बाबा, इलेउतेरिओ बारीया, चिलोए बेटावरून
लोकर कातरायला आले ते राहिलेच.
पन्नास हंगाम. मेंढीमागे अमुक पैसे.
दर हंगामाला ट्रकच्या मागच्या हौद्यात बसून गेले.
पुढे मालक, नाहीतर मालकाचा कुत्रा.

शेजाऱ्याच्या पिकअपमधून उतरून ते चालत आले,
हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत ब्रेड,
आणि नऊ वर्षांपूर्वी मुदत संपलेलं कार्ड.
चिलीच्या बाईनं ते उलटसुलट केलं,
नाव दोनदा वाचलं,
या, दोन इलेउतेरिओ, म्हणाली. नवं करून घ्या.

गाडीभोवती त्यांनी एक फेरी मारली.
टायरला बूट लावून पाहिला.
किती दिले, विचारलं. मी सांगितलं. जास्त दिले, म्हणाले.
मग सरळ मागच्या दाराला हात घातला.

बाबा, पुढे.

ते पुढे आले. कडीवर हात ठेवला
आणि उघडेनात.
मला वाटलं, गहिवरले.
छे. मान जराशी तिरकी करून
ते झोत ओसरायची वाट बघत होते,
कुणी न सांगता.

बसल्यावर विचारलं,
हीटर चालतो का?